घरविक्रीतील वर्णभेद आणि अमेरिकेची न्यायालये (१९१७–१९६८)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली. १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या होऊन मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व, कायद्याचे समान संरक्षण व मताधिकार यांची हमी देण्यात आली. याच काळात, म्हणजे १८६६ साली, काँग्रेसने नागरी हक्कांचा एक कायदा संमत केला. मालमत्ता खरेदी करणे, विकणे, भाड्याने घेणे, वारशाने मिळवणे व धारण करणे या बाबतींत सर्व नागरिकांना गोऱ्या नागरिकांइतकाच अधिकार राहील, असे त्यात म्हटले होते. घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला याहून निःसंदिग्ध आधार मिळणे कठीण होते. असे असूनही विसाव्या शतकाची पहिली सहा-सात दशके अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत केवळ वर्णाच्या कारणाने घर नाकारले जात होते, आणि ते नाकारणे बराच काळ कायदेशीर समजले जात होते.

कायदा अस्तित्वात असताना अन्याय कायदेशीर कसा ठरला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर न्यायालयांपुढे प्रश्न ज्या रीतीने मांडला गेला त्या रीतीत सापडते. घर नाकारणे न्याय्य की अन्याय्य, असा सरळ प्रश्न न्यायासनापुढे क्वचितच आला. ‘हे नाकारणारा कोण? राज्यसंस्था की खाजगी व्यक्ती?’ असा तो प्रश्न आला. राज्यसंस्था असेल तर घटनेचा निर्बंध लागू, खाजगी व्यक्ती असेल तर नाही, असे १८८३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे धोरण होते. या एका भेदाभोवती अर्धशतकाचा सारा लढा फिरला.

१

पहिला टप्पा नगरपालिकांच्या उपविधींचा होय. १९१० साली बॉल्टिमोर शहराने गोऱ्या व काळ्या वस्त्या परस्परांपासून अलग ठेवणारा उपविधी केला आणि दक्षिणेतील व सीमेवरील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. केंटकी राज्यातील लुइव्हिल शहराचा उपविधी १९१४ चा. ज्या गल्लीत बहुसंख्य घरे गोऱ्यांची असतील तेथे काळ्या माणसाने राहावयास जाऊ नये व जेथे बहुसंख्य घरे काळ्यांची असतील तेथे गोऱ्याने जाऊ नये, अशी त्याची रचना होती. दोन्ही वर्णांना सारखेच बंधन घातले आहे, म्हणून यात विषमता नाही, असा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद होता.

१९०९ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेने या उपविधीला आव्हान देण्याचे ठरवले. संस्थेच्या लुइव्हिल शाखेचे अध्यक्ष विल्यम वॉर्ली यांनी चार्ल्स ब्यूकॅनन या गोऱ्या दलालाकडून एक भूखंड घेण्याचा करार केला. करारात अशी अट घातली होती की, राज्याच्या व शहराच्या कायद्याप्रमाणे त्या जागी राहण्याचा अधिकार नसेल तर खरेदीखत स्वीकारण्यास आपण बांधील राहणार नाही. त्या गल्लीत दहा घरे होती. आठांत गोरी व दोहोंत काळी कुटुंबे राहत. उपविधीमुळे आपणांस तेथे राहता येत नाही, असे सांगून वॉर्लींनी पैसे देण्याचे नाकारले आणि ब्यूकॅनन यांनी कराराच्या पूर्ततेसाठी दावा लावला. अशा रीतीने एक विलक्षण चित्र निर्माण झाले. वर्णभेदाचा कायदा रद्द व्हावा म्हणून गोरा विक्रेता झगडत होता आणि काळा खरेदीदार त्याच कायद्याचा आधार घेऊन बचाव करीत होता. ही मांडणी हेतुपूर्वक केलेली होती. काळ्या माणसाच्या समतेच्या हक्कापेक्षा गोऱ्या माणसाच्या मालमत्तेच्या हक्काकडे तत्कालीन न्यायालय अधिक सहानुभूतीने पाहील, हा त्यामागील हिशेब होता.

तो हिशेब खरा ठरला. ५ नोव्हेंबर १९१७ रोजी न्यायमूर्ती विल्यम डे यांनी एकमताचा निर्णय दिला आणि उपविधी घटनाबाह्य ठरवला. मालमत्ता बाळगण्याच्या हक्कात ती विकण्याचा हक्कही अंतर्भूत आहे आणि खरेदीदाराच्या वर्णाकडे पाहून राज्यसंस्थेला तो हिरावून घेता येणार नाही, असे या निर्णयाचे सार होते. रेल्वेच्या डब्यांत व शाळांत वर्णांची फारकत करणारे कायदे मात्र न्यायालयाने वेगळे मानले व त्यांना हात लावला नाही. विजय मिळाला खरा, पण तो समतेच्या तत्त्वापेक्षा मालमत्तेच्या तत्त्वावर मिळाला. या उगमातच पुढील अडचणीचे बीज होते. मालकाला आपली मालमत्ता कोणालाही विकण्याचे स्वातंत्र्य असेल, तर अमुक एका वर्णाला न विकण्याचा करार करण्याचेही स्वातंत्र्य त्याला का असू नये?

२

हा प्रश्न लवकरच प्रत्यक्षात उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोक फार मोठ्या संख्येने उत्तरेच्या औद्योगिक शहरांत येऊ लागले. उपविधींचा मार्ग बंद झाल्यावर गोऱ्या घरमालकांनी आपसांतील करारांचा आश्रय घेतला. अशा वर्णनिर्बंधक करारांची प्रथा पूर्वीपासून होती. ती आता सार्वत्रिक झाली. एखाद्या गल्लीतील मालक एकत्र येऊन लिहून देत की, ठराविक मुदतीपर्यंत आपली मिळकत अमुक वर्णाच्या माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही व त्याला तेथे राहू देणार नाही. नव्या वसाहतीत तर जमीन विकसित करणारी कंपनीच हे कलम प्रत्येक खरेदीखतात घालीत असे. करार नोंदलेला असल्यामुळे तो मिळकतीबरोबर चाले आणि पुढील प्रत्येक मालकाला बांधून ठेवी. कृष्णवर्णीयांखेरीज ज्यू, चिनी, जपानी व एकंदर आशियाई लोकांचीही नावे अशा कलमांत आढळतात. पुष्कळ करारांत घरकाम करणाऱ्या नोकरांना मात्र सूट असे. काळ्या माणसाने त्या घरात राहण्यास हरकत नव्हती. त्याने मालक म्हणून राहण्यास हरकत होती.

वॉशिंग्टन शहरातील एस स्ट्रीटवरील तीस गोऱ्या मालकांनी १९२१ साली एकवीस वर्षांच्या मुदतीचा असा करार केला. पुढील वर्षी त्यांपैकीच एक असलेल्या श्रीमती कॉरिगन यांनी आपले घर एका कृष्णवर्णीय स्त्रीला विकण्याचे ठरवले तेव्हा शेजारी बक्ले यांनी मनाई हुकूम मागितला व तो त्यांना मिळाला. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अपील अधिकारक्षेत्राच्या अभावी काढून टाकले. पाचवी घटनादुरुस्ती संघराज्याला बांधते, चौदावी राज्यांना, तेरावी केवळ गुलामगिरीपुरती आहे. खाजगी व्यक्तींच्या आपसांतील कराराशी यांपैकी कोणाचाच संबंध नाही, असे न्यायालयाने म्हटले. असा करार न्यायालयाने अंमलात आणणे घटनेला धरून आहे काय, या प्रश्नाचा निर्णय वस्तुतः येथे झालाच नव्हता. तथापि पुढील दोन दशके राज्यांची न्यायालये हा निकाल म्हणजे जणू करारांना मिळालेली मान्यताच आहे, असे समजून वागली.

याच सुमारास व्यवसाय व शासन यांनीही या प्रथेला हातभार लावला. स्थावर मिळकतीच्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ मध्ये आपल्या आचारसंहितेत असा नियम घातला की, ज्यांच्या येण्याने वस्तीतील मिळकतींच्या किमती घटतील अशा वंशाच्या वा राष्ट्रीयत्वाच्या लोकांना तेथे आणण्यास सभासदाने कारणीभूत होऊ नये. १९३४ साली गृहकर्जांना विम्याचे संरक्षण देण्यासाठी संघराज्याने ‘फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन’ ही यंत्रणा स्थापन केली. तिच्या १९३८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत वर्णनिर्बंधक करारांची शिफारसच केलेली होती. करार खाजगी होता असे म्हणावे, तर त्याचा मसुदा सुचवणारे शासन होते; ही विसंगती पुढील लढ्यात महत्त्वाची ठरली.

मधल्या काळात एक दावा यशस्वी झाला, पण तांत्रिक मुद्द्यावर. शिकागोत कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली अशा वस्तीत घर घेतले. रस्त्यालगतच्या जमिनीपैकी ९५ टक्के जमिनीच्या मालकांच्या सह्या झाल्यावरच तेथील करार अंमलात येणार होता. प्रत्यक्षात सह्या सुमारे ५४ टक्क्यांच्याच होत्या. परंतु पूर्वीच्या एका दाव्यात ९५ टक्के पूर्ण झाल्याचे उभय पक्षांनी मान्य केल्यामुळे तो मुद्दा कायमचा संपला, असे राज्याच्या न्यायालयांनी ठरवले होते. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या जुन्या दाव्याचा निकाल हॅन्सबेरींना बंधनकारक नाही असे सांगून त्यांना न्याय दिला. कराराच्या वैधतेबद्दल मात्र एक शब्दही उच्चारला नाही. याच कुटुंबातील लोरेन हॅन्सबेरी हिने पुढे या अनुभवाच्या आधारे लिहिलेले नाटक १९५९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले व प्रसिद्धी पावले.

३

निर्णायक दावा मिसूरी राज्यातील सेंट लुइस शहरातून आला. लबाडी ॲव्हेन्यूवरील एका भागातील ३९ मालकांपैकी ३० जणांनी १६ फेब्रुवारी १९११ रोजी ५० वर्षांचा करार केला होता. ‘निग्रो वा मंगोल वंशाच्या’ लोकांस तेथे राहण्यास त्याने बंदी केली. त्या भागात ५७ भूखंड होते व त्यांतील पाच करार झाला त्या वेळीच कृष्णवर्णीयांच्या मालकीचे होते. एका भूखंडावर तर १८८२ पासून कृष्णवर्णीय कुटुंबे नांदत होती. म्हणजे ज्या वस्तीचे ‘शुद्धत्व’ राखण्यासाठी हा करार झाला, ती वस्ती कधी तशी शुद्ध नव्हतीच. ऑगस्ट १९४५ मध्ये शेली दांपत्याने तेथे घर घेतले. या कराराची त्यांना माहिती नव्हती. ऑक्टोबरमध्ये क्रेमर दांपत्याने त्यांना घराबाहेर काढण्यासाठी दावा लावला. सर्व मालकांच्या सह्या नाहीत म्हणून पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

डेट्रॉइट येथील मॅकगी कुटुंबाला ९० दिवसांत घर सोडण्याचा हुकूम झाला होता. वॉशिंग्टनमधील ब्रायंट स्ट्रीटवरूनही असेच दोन दावे आले होते. या चारही प्रकरणांची सुनावणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९४८ मध्ये एकत्र केली. शेली दांपत्याची बाजू सेंट लुइसचे वकील जॉर्ज व्हॉन यांनी, मॅकगी कुटुंबाची थरगुड मार्शल यांनी व वॉशिंग्टनमधील खरेदीदारांची चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी मांडली. अध्यक्ष ट्रूमन यांच्या नागरी हक्क समितीचा अहवाल काही महिन्यांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. त्याला अनुसरून संघराज्याचे विधी अधिकारी फिलिप पर्लमन हे कृष्णवर्णीय खरेदीदारांच्या बाजूने स्वतः न्यायालयात उभे राहिले. दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी होती. नऊ न्यायमूर्तींपैकी तिघे सुनावणीस बसले नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही. परंतु त्यांची स्वतःची घरेच अशा करारांनी बांधलेली असावीत, असा तर्क तेव्हापासून केला जातो.

३ मे १९४८ रोजी सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी उरलेल्या सहाही न्यायमूर्तींच्या वतीने निर्णय दिला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा की, हे करार खाजगी असून स्वेच्छेने पाळले जात असतील तोवर चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग होत नाही. दुसरा असा की, येथे विक्रेता विकण्यास राजी आहे, खरेदीदार घेण्यास राजी आहे. दोघांच्या मधे जे आडवे येते ते राज्याचे न्यायालय आहे. न्यायालयाचा हुकूम ही राज्यसंस्थेचीच कृती होय, आणि वर्णावरून माणसाला घराबाहेर काढण्यासाठी तिला आपले बळ वापरता येणार नाही. गोऱ्यांविरुद्ध केलेले करारही आम्ही असेच अंमलात आणू, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. समान संरक्षणाचा हक्क व्यक्तीचा आहे आणि सर्वांवर विषमता लादल्याने समता साधत नाही, असे त्याने बजावले. वॉशिंग्टन हे राज्य नसल्यामुळे तेथील दाव्यांत चौदाव्या घटनादुरुस्तीचा उपयोग नव्हता. तेथे न्यायालयाने १८६६ च्या विस्मृत कायद्याचा आधार घेतला. त्याच्या पूर्ण सामर्थ्याचा अनुभव येण्यास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

४

१९४८ च्या निर्णयाने करार रद्द झाले नाहीत. ते बजावण्याचे साधन तेवढे गेले. गोऱ्या मालकांनी मग दुसरा उपाय शोधला. काळ्या खरेदीदाराला बाहेर काढता येत नसेल, तर करार मोडून घर विकणाऱ्या गोऱ्या मालकाकडून नुकसानभरपाई तरी वसूल करावी, असा तो उपाय होता. लॉस एंजेलिसमधील अशा एका दाव्यात १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाटही बंद केली. येथे विरोधी मत देणारे एकमेव न्यायमूर्ती खुद्द व्हिन्सन होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे ते या दाव्यात पक्षकारच नाहीत, अशी त्यांची हरकत होती.

यानंतर भेदभावाला कराराची गरजच उरली नाही. विक्रेत्याने नुसते ‘नाही’ म्हटले की काम होत असे. युद्धोत्तर काळात एकेका कंपनीने हजारो घरांच्या वसाहती बांधल्या आणि त्यांतील कर्जांना शासनाच्या विम्याचा आधार होता. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउन या वसाहतीत घर नाकारल्याबद्दल कृष्णवर्णीयांनी लावलेला दावा १९५५ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने फेटाळला. कर्जाला विमा दिल्याने कंपनीची कृती शासनाची होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. शासनाच्या गृहकर्ज यंत्रणेने नव्याने नोंदलेल्या वर्णनिर्बंधक करारांच्या मिळकतींना विमा नाकारण्यास सुरुवात केली ती फेब्रुवारी १९५० पासून, म्हणजे निर्णयानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. बांधकाम कंपनीने वर्णभेद करू नये असे बंधन तिने तेव्हाही घातले नाही.

काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले. परंतु तेथेही मार्ग निष्कंटक नव्हता. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९६३ साली केलेला कायदा पुढील वर्षी सार्वमताने निष्प्रभ करण्यात आला. आपली मिळकत कोणाला विकावी व कोणाला नाही हे ठरवण्याचा मालकाचा अनिर्बंध अधिकार राज्याच्या घटनेतच लिहिला गेला आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी त्याला कौल दिला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, पण अवघ्या पाच विरुद्ध चार अशा मतांनी. राज्यसंस्था व खाजगी व्यक्ती यांमधील सीमारेषा किती अस्पष्ट झाली होती, याचे हे द्योतक आहे.

५

शेवटचा दावाही सेंट लुइसच्याच परिसरातला आहे. पॅडक वुड्स या नव्या वसाहतीत जोसेफ ली जोन्स यांना घर नाकारण्यात आले. कारण एकच, ते कृष्णवर्णीय होते. येथे उपविधी नव्हता, करार नव्हता, न्यायालयाचा हुकूमही नव्हता. होता तो एका कंपनीचा नकार. जोन्स यांनी १९६५ साली १८६६ च्या कायद्याखाली दावा लावला. हा कायदा केवळ राज्यसंस्थेच्या कृतीपुरता आहे, असे म्हणून खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो फेटाळला. १ व २ एप्रिल १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. ४ एप्रिल रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिल रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी घरविक्रीतील भेदभावास बंदी करणाऱ्या नव्या कायद्यावर सही केली. १७ जून रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी जोन्स यांच्या बाजूने निर्णय दिला.

न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी १८६६ च्या कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले. गोऱ्यांइतकाच खरेदीचा हक्क द्यावयाचा, तर तो राज्यसंस्थेप्रमाणेच खाजगी विक्रेत्याविरुद्धही असला पाहिजे. असा कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला तेराव्या घटनादुरुस्तीने दिला आहे, आणि ती दुरुस्ती केवळ राज्यसंस्थेला उद्देशून नाही. गुलामगिरीची चिन्हे व अवशेष नष्ट करणे हे तिचे कार्य आहे, आणि कातडीच्या रंगावरून घर नाकारणे हा अशा अवशेषांपैकीच एक होय. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मतपत्रिकेत १८६६ च्या काँग्रेसचा हेतू इतका व्यापक नव्हता असे प्रतिपादन केले, आणि इतिहासकारांत त्यावर आजही मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट होता. एकशेदोन वर्षे पुस्तकात असलेला कायदा प्रथमच पूर्ण अर्थाने वाचला गेला.

६

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले. विषम वागणुकीपासून संरक्षण देणारे कलम आपण अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतले आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. जो कायदा त्याच्या मायदेशी निद्रिस्त होता, त्याचे मोल एका परदेशी विधिज्ञाने ओळखले होते. अमेरिकेची राज्यसंस्थेपुरती मर्यादा आपल्या घटनेनेही सर्वत्र स्वीकारली नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम व्यक्तींनाही बांधते, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा तेथे राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यापेक्षा हे कलम तेरा वर्षांनी जुने आहे. अस्पृश्यतेच्या कक्षेबाहेर मात्र चित्र वेगळे आहे. अहमदाबाद येथील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला, आणि त्यासाठी संघटनेच्या व कराराच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. अल्पसंख्य समाजाने आपली संस्था जपणे आणि बहुसंख्यांनी दुर्बलांना वस्तीबाहेर ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु खाजगी कराराचे स्वातंत्र्य कोठे संपते, हा लुइव्हिलचाच प्रश्न तेथेही उभा होता.

१९१७ ते १९६८ या पन्नास वर्षांकडे एकत्र पाहता असे दिसते की, प्रत्येक निर्णयाने भेदभावाचे एक घर पाडले व भेदभाव शेजारच्या घरात गेला: उपविधीतून करारात, करारातून नुसत्या नकारात. १९६८ च्या कायद्यालाही प्रथम दात नव्हते. शासनाला केवळ समेट घडवता येत असे. निवाडा व दंड यांची परिणामकारक व्यवस्था १९८८ च्या दुरुस्तीने झाली. तोपर्यंत ज्या पिढ्यांना योग्य वेळी घर घेता आले नाही त्यांच्या मुलाबाळांना वारशाने घर मिळाले नाही, आणि घराबरोबर चालणारी संपत्तीही मिळाली नाही. कोणत्याही निर्णयाने ते नुकसान भरून निघालेले नाही. जुन्या खरेदीखतांतील ती कलमे अनेक ठिकाणी अद्याप कागदावर आहेत, आणि ती काढून टाकण्याची सोय काही राज्यांनी अलीकडे केली आहे.

या सर्व दाव्यांतील न्यायमूर्ती बदलत गेले, तत्त्वे बदलत गेली. १८६६ च्या कायद्याचे आशयसूत्र मात्र तेच राहिले. ते पूर्ण अर्थाने वाचले जावे म्हणून वॉर्ली, मॅकगी, शेली व जोन्स यांच्यासारख्या माणसांना आपले घर, पैसा व शांतता पणाला लावून पुनःपुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. हक्काचा इतिहास लिहिताना कायदा केव्हा झाला याबरोबरच तो कोणी व कोणत्या किमतीला वाचावयास लावला, याचीही नोंद झाली पाहिजे.